बॅलार्ड पिअर ते विमानतळ: सामानासकट इंदूरचं विमान गाठायचं तर कोणती सोय कामाची?

मुंबई-गोवा आणि लक्षद्वीपच्या क्रूझ २०२१ पासून नियमित सुरू झाल्या आणि इंदूरच्या सुदामा नगर, रामबाग, टिळक नगर भागातली मराठी मंडळी दिवाळीच्या आसपास चौकशीला लागू लागली. जहाजावरचं जेवण, कॅबिन, पोहण्याचा तलाव यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. पण शेवटच्या सकाळी जहाजाच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत चार-पाच बॅगा, दोन म्हातारी माणसं आणि एक झोपाळलेलं पोर कसं न्यायचं, असं विचारलं की ‘टॅक्सी मिळते’ एवढंच उत्तर मिळतं. टॅक्सी मिळतेच. प्रश्न डिकीचा आहे.

म्हणून हा आढावा जहाजाचा नाही, मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावर जहाजातून उतरल्यापासून विमानतळापर्यंतच्या साधारण २५ किलोमीटरचा आहे.

सुरुवात आदल्या रात्रीपासून होते. कॅबिनमध्ये रंगीत किंवा आकडा घातलेले कागदी टॅग येतात. ते बॅगेच्या हँडलला बांधायचे आणि सांगितलेल्या वेळेच्या आत, बहुतेक वेळा रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये टॅगच्या रंगाप्रमाणे मांडलेल्या सापडतात. ही सोय उत्तम आहे, वापरावी. अडचणी तीनच ठिकाणी येतात. एक म्हणजे येताना विमान कंपनीने चिकटवलेले जुने टॅग तसेच राहतात. ते आधी काढून टाका. दुसरी, कागदी टॅग बॅग ढकलताना फाटतो, म्हणून नाव आणि मोबाइल नंबराची एक चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवा. तिसरी अडचण हसण्यासारखी वाटते, पण दर फेरीत कुणाची तरी होते. उत्साहाने सगळंच बॅगेत भरून बॅग बाहेर जाते आणि सकाळी घालायला पायजमा सोडून काही उरत नाही. रात्री हाताशी ठेवायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: दुसऱ्या दिवसाचे कपडे, चपला-बूट, औषधं, चष्मा, चार्जर, आधार कार्ड किंवा जे ओळखपत्र तिकिटावर दिलंय ते, आणि दागिने. आधार कार्ड खाली गेलेल्या बॅगेत राहिलं तर बॅग हातात येईपर्यंत माणूस अडकून पडतो.

जहाजावरचं बिल आदल्या रात्रीच बघून घ्या. सकाळी रिसेप्शनपुढे जी रांग लागते ती निम्मी ‘हे कॉफीचे पैसे कशाचे’ विचारणाऱ्यांचीच असते.

बॅगा स्वतःच घेऊन उतरायचा पर्यायही बहुतेक जहाजांवर असतो. आदल्या दिवशी नाव नोंदवायचं आणि उतरायला परवानगी मिळाली की सामान ओढत पहिल्या तुकडीत बाहेर पडायचं. यात पाऊण ते एक तास वाचतो. पण लिफ्टपुढे त्या वेळी झुंबड असते आणि गँगवेला, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाला, चढ-उतार असतो. दोन्ही हातांत बॅग घेऊन, कठडा न धरता उतरता येत असेल तरच हा मार्ग घ्या. माणशी एक चाकांची बॅग आणि पाठीवर सॅक, एवढ्यावर भागत असेल तर झकास. गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर विचारही करू नका.

आता वेळेचं गणित, कारण विमान चुकण्याचं मूळ तिथेच असतं. पत्रिकेत छापलेली वेळ जहाज धक्क्याला लागण्याची असते, तुम्ही बाहेर पडण्याची नव्हे. जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा पायलट चढल्याशिवाय जहाज आत येत नाही. मग दोर बांधणं, गँगवे लावणं, कागदपत्रांची मंजुरी, आणि त्यानंतर रंगानुसार घोषणा. तुमचा रंग शेवटी आला तर जहाज लागल्यापासून बॅग हातात येईपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. पुढे रस्त्याला दीड तास धरा. देशांतर्गत प्रवासाचे बॅगांचे काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात आणि बोर्डिंगचं दार साधारण २५ मिनिटं आधी. काउंटरपुढची रांग धरली तर विमानतळावर दोन तास आधी पोहोचायलाच हवं. बेरीज पाच-साडेपाच तासांची होते. जहाज सकाळी आठला लागणार असेल तर दुपारी दोनच्या आधीचं इंदूरचं विमान घेऊ नका. स्वतः सामान उतरवणाऱ्यांनी बारा-साडेबाराचं घेतलं तर जमू शकतं, पण त्यात जहाज वेळेवर येईल ही प्रार्थना धरलेली आहे. साडेदहाचं स्वस्त मिळतंय म्हणून घेणाऱ्याला ते शेवटी महागच पडतं: तिकीट बुडतं आणि त्याच दिवसाचं दुसरं भर किमतीत घ्यावं लागतं.

टर्मिनलबद्दल तक्रारीला फार जागा नाही. बॅलार्ड पिअरचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत, जागा ऐसपैस आहे. गोवा किंवा लक्षद्वीपहून परतणाऱ्याला इमिग्रेशन लागत नाही, त्यामुळे हॉलमधून बाहेर पडणं चटकन होतं. खरी कसोटी दाराबाहेर आहे. हे बंदराचं आवार आहे, मॉलचं पार्किंग नव्हे. कोणती गाडी कुठपर्यंत आत येईल हे सुरक्षारक्षक ठरवतात आणि एकदम शेकडो माणसं बाहेर पडतात. बॅगा हातात आल्यावर लगेच फोन काढून कॅब शोधत बसू नका. आधी गाड्या नेमक्या कुठे उभ्या राहतात ते रक्षकाला विचारा, तिथे जा आणि मग बोलवा. या आवाराच्या फाटकाचं ग्रीन गेट हे नाव ड्रायव्हरांना माहीत असतं. ‘क्रूझ टर्मिनल’ म्हटलं की काही जण गेटवे ऑफ इंडियाकडे जातात, कारण अलिबागच्या बोटी तिथून सुटतात.

इंदूरकरांनी एक गोष्ट आधीच डोक्यात घ्यावी: इथे ऑटोरिक्षा नाही. दक्षिण मुंबईत रिक्षांना परवानगीच नाही, त्या वांद्रे आणि सायनच्या पुढे भेटतात.

काळी-पिवळी टॅक्सी. भाडं सरकारने ठरवलेलं आहे: १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. २५ किलोमीटरचे मीटरने ५१५ रुपयांच्या आसपास होतात, गर्दीत थांबण्याचे आणखी थोडे. मध्यरात्र ते पहाटे पाच पाव पट जास्त, पण जहाजाच्या प्रवाशाला तो प्रश्न सहसा येत नाही. हे आकडे पाठ असावेत, कारण धक्क्याबाहेर ‘एअरपोर्ट, एअरपोर्ट’ ओरडणारा पहिला माणूस जो आकडा सांगतो तो मीटरशी काडीचा संबंध नसलेला असतो. रस्त्यावर शंभर-दोनशे पावलं पुढे जाऊन चालती टॅक्सी थांबवली की तोच प्रवास मीटरने होतो.

पण डिकी उघडून बघा. जुन्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता बहुतेक काळ्या-पिवळ्या वॅगन आर किंवा सँट्रोच्या वर्गातल्या, आणि सीएनजीवरच्या. म्हणजे डिकीत सिलिंडर आडवा पडलेला. त्याच्यापुढे उरलेल्या फटीत दोन हातबॅगा आणि एक सॅक बसते. २८ इंची सुटकेस आडवी जात नाही, उभी ठेवली तर झाकण लागत नाही. मग ती छतावरच्या कॅरियरवर जाते. त्याला हरकत नाही, पण दोर आहे का ते गाडीत बसायच्या आधी विचारा, नुसत्या कठड्याच्या भरवशावर राहू नका. बॅग आडवी झोपवायची, चाकं मागच्या बाजूला, चेन असलेली कड आतल्या अंगाला, आणि दोर हँडलमधून ओवून घ्यायचा. दोन माणसं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर काळी-पिवळी चालते. चार माणसं आणि चार बॅगा असतील तर मांडीवर सामान घेऊन दीड तास बसावं लागेल. दर आणि उपलब्धता पाहता पाचपैकी साडेतीन, सामानाच्या दृष्टीने दोन.

ॲपवरच्या कॅबचीही तीच गत आहे, फक्त एसी असतो. ‘सेडान’ मागवलं की मोठी डिकी मिळेल असा समज आहे. डिझायरची डिकी पेट्रोल गाडीत पावणेचारशे लिटरच्या घरातली खरी, पण टॅक्सीला लावलेली डिझायर बहुतेक सीएनजीची असते आणि सिलिंडर अर्धी जागा खातो. एक मोठी बॅग आणि वर एक लहान, संपलं. ‘एक्सएल’ मध्ये अर्टिगा येते. तिच्या सहा प्रवासी आसनांना भुलू नका: तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटरच जागा उरते, म्हणजे एक मध्यम सुटकेस. तिसरी रांग पाडली की साधारण ५५० लिटर होते, मग तीन-चार मोठ्या बॅगा बसतात, पण माणसं चारच, पाचवा ड्रायव्हर. इनोव्हाचाही हिशोब तोच आहे, जरा प्रशस्त. सहा जणांनी सहा मोठ्या बॅगा घेऊन एका गाडीचं स्वप्न बघू नये. दोन गाड्या करा, नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलर.

ॲपची दुसरी अडचण नकाशावरच्या पिनची. टर्मिनलच्या आत उभं राहून बुक केलं तर पिन गोदीत पडतो, ड्रायव्हर भिंतीच्या बाहेर उभा राहतो, दोघं फोनवर खुणा सांगत बसतात आणि पाच मिनिटांनी थांबण्याचे पैसे चढू लागतात. पिन हाताने सरकवून मोठ्या रस्त्यावरच्या ठळक इमारतीपुढे ठेवा. शिवाय जहाज रिकामं होत असताना शेकडो लोक त्याच चौकात बुक करत असतात, त्यामुळे भाव चढलेला असतो. अर्धा तास टर्मिनलमध्ये चहा घेत बसलं तर तो पुष्कळदा उतरतो.

आधी ठरवलेली गाडी हा कुटुंबासाठी सर्वांत शहाणपणाचा पर्याय, आणि इथे बारीक चौकशी केली तरच पैसे वसूल होतात. जहाजाच्या तिकिटासोबत किंवा टूरवाल्याकडून ‘एअरपोर्ट ट्रान्सफर’ विकलं जातं तेव्हा ते दोन प्रकारचं असतं: तुमच्यासाठी स्वतंत्र गाडी, किंवा बसमधली जागा. बसमधली जागा स्वस्त असते, पण बस भरल्याशिवाय हलत नाही आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना थांबे घेत जाते. विचारताना ‘गाडी कोणती’ विचारून थांबू नका. गाडी सीएनजीची की डिझेलची, वर कॅरियर आहे का, किती मोठ्या बॅगा बसतील हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. जहाजाला उशीर झाला तर किती वेळ फुकट थांबणार, त्यानंतर तासाला किती, टोल आणि पार्किंग धरलंय का, आणि ड्रायव्हरचा नंबर कधी मिळणार, हेही. नंबर आदल्या रात्री हवा, कारण समुद्रात नेटवर्क नसतं आणि तो जहाज मुंबईजवळ आल्यावरच दिसणार. यातलं एकही उत्तर टाळणाऱ्याकडून गाडी घेऊ नये. नीट ठरवलेल्या गाडीला पाचपैकी साडेचार. बसमधल्या जागेला अडीच.

रस्ता कोणता घ्यायचा यावर ड्रायव्हरशी वाद घालण्यात अर्थ नसतो, पण माहिती असावी. एक रस्ता पी. डिमेलो मार्गावरून पूर्व मुक्त मार्गावर चढतो आणि चेंबूरहून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पश्चिमेला येतो. हा बिनटोलचा, पण ऑरेंज गेटजवळ बोगद्याचं काम चालू असल्याने सुरुवातीलाच अडकायला होतं. दुसरा मरीन ड्राइव्हहून सागरी किनारा मार्ग आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूचा. किनारा मार्ग फुकट, सागरी सेतूला गाडीमागे एकेरी १०० रुपये. टर्मिनल १ ला जायचं असेल तर दुसरा रस्ता सहसा सरस ठरतो.

मेट्रोबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. ‘मेट्रो ३’ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे पूर्ण चालू झाली आणि तिच्यावर विमानतळाच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशा दोन्ही नावांची स्थानकं आहेत. सीएसएमटी स्थानक धक्क्यापासून सव्वा-दीड किलोमीटरवर. पूर्ण मार्गाचं तिकीटच ७० रुपये, त्यामुळे विमानतळापर्यंत त्याहून कमी लागतं, आणि वर रस्त्यावर काहीही चालू असो, खाली पाऊण तासात पोहोचता. एकट्यादुकट्या, हातबॅगवाल्या माणसाने डोळे मिटून मेट्रो घ्यावी. पण मोठं सामान असेल तर तिचे कोपरे टोचतात. धक्क्यापासून स्थानकापर्यंत टॅक्सी करावी लागते आणि एवढ्या जवळ यायला टॅक्सीवाले नाक मुरडतात. प्रत्येक बॅग एक्स-रे मशिनवर उचलून ठेवायची. सरकत्या जिन्यावर मोठी बॅग धोक्याची, म्हणून लिफ्ट शोधायची, आणि लिफ्ट नेमकी दुसऱ्या तोंडाला असते. डब्यात सामानाला वेगळी जागा नाही. सकाळी साडेनऊला चार सुटकेस घेऊन शिरलात तर ऑफिसला निघालेली मुंबई काय म्हणते ते ऐकावं लागेल. रविवारी मात्र हीच मेट्रो सुखाची. तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर जिना उतरण्याआधी काढा, खाली नेटवर्कची खात्री धरू नका. सात किलोच्या बॅगेसह पाचपैकी पाच, २८ इंची जोडीसह दीड.

तिकिटावरचं टर्मिनल वाचा, आणि आता विमानतळही वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली आहेत. ‘मुंबई’ शोधल्यावर स्वस्त तिकीट म्हणून वर येणारं विमान तिथलं असू शकतं: जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. नवी मुंबईचं निघालं म्हणून घाबरायचं कारण नाही. बॅलार्ड पिअरहून मुक्त मार्गाने शिवडी, तिथून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आणि पलीकडे उलवे, असा रस्ता सरळ आहे. सेतूचा टोल २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीला एकेरी २५० रुपये ठरला होता; भाडं ठरवताना तो आत धरलाय की बाहेर हे विचारा. मेट्रोचा पर्याय या बाजूला नाही.

राहिलं वजन. जहाजावर कुणी बॅग तोलत नाही आणि तिथेच घात होतो. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. इंडिगोत ते १५ किलोही एकाच बॅगेत हवेत. रिकामी २८ इंची कडक सुटकेसच चार-साडेचार किलोची असते. त्यात गोव्याचे काजू आणि ओले पोहण्याचे कपडे पडले की काटा १८ वर जातो. हातात धरायचा डिजिटल काटा सोबत ठेवा. नसेल तर जहाजाच्या जिममधला वजनकाटा वापरा: बॅग घेऊन उभं राहा, मग रिकाम्या हाताने, आणि वजाबाकी करा. जहाज डोलत असेल तर आकडा नाचतो, म्हणून धक्क्याला लागल्यावर किंवा शांत पाण्यात बघा. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं, काउंटरवर किलोमागे मोजतात.

पॉवर बँक हातबॅगेतच, चेक-इनमध्ये सापडली की बॅग बाजूला काढतात. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात अडवलं जातं; नारळाच्या प्रदेशातून येताना वाट्यांची पिशवी भरू नका. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या बाटल्या चेक-इनमध्ये माणशी ५ लिटरपर्यंत, सीलबंद असतील तर विमानाला चालतात. राज्यांचे उत्पादन शुल्काचे नियम मात्र वेगळे असतात. जहाजावर विकत घेतलेल्या बाटल्या शेवटच्या रात्रीपर्यंत जहाजाकडेच राहतात, त्या बॅगा बाहेर ठेवण्याआधी मागून घ्या, नाहीतर त्या हातात येतील आणि विमानाच्या सुरक्षा तपासणीत टाकून द्याव्या लागतील.

व्हीलचेअर दोनदा सांगावी लागते: जहाजाला वेगळी आणि विमान कंपनीला वेगळी. जहाजाची खुर्ची टर्मिनलच्या दाराशी संपते, विमान कंपनीची विमानतळाच्या दाराशी सुरू होते. मधल्या टप्प्यात माणूस आणि बॅगा दोन्ही तुमच्याच अंगावर असतात. म्हणून आजी-आजोबा असतील तर काळी-पिवळी शोधत रस्त्यावर न येता गाडी आधी ठरवलेली बरी.

आणि विमानच हवं असा हट्ट नसेल तर इंदूरला जाणारी अवंतिका एक्सप्रेस आहे. जहाज सकाळी लागतं, गाडी संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून सुटते, म्हणजे उशिराची धास्ती राहत नाही. धक्क्यापासून मुंबई सेंट्रल विमानतळापेक्षा कितीतरी जवळ आहे, मीटरने भाडं विमानतळाच्या चौथाईच्या आसपास. क्लोक रूममध्ये बॅगा ठेवता येतात. बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. एसी थ्री टियरला माणशी ४० किलो आणि टू टियरला ५० किलो सामान फुकट, पण सीटखाली सरकेल एवढ्याच उंचीची बॅग घ्या. जाड कडक सुटकेस आडवी केली तरी आत जात नाही आणि रात्रभर पायाशी आडवी येते.